नागपूरकर भोसल्यांचे कारभारी

चीनमध्ये राज्यकारभारासाठी विद्वान परीक्षा घेऊन निवडले जात. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी मात्र हिशेब सांभाळणारा फडणीस, पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस ही पदे बहुधा घराण्यातूनच चालत आणि बोरू न उचलता ओळभर मोडी लिहिण्याचे वळण हीच पहिली पात्रता ठरे. जानोजी भोसल्यांचे दिवाण, नरखेडचे देवाजीपंत चोरघडे, यांची गणना पेशवाईतील ‘साडेतीन शहाण्यां’त पूर्ण शहाणे म्हणून होई, तर नाना फडणीस, लढवय्ये नसल्यामुळे म्हणे, अर्धेच भरले, हा हिशेब नानांवर अन्याय करणाराच होता. निजामाच्या पक्षाला गेलेल्या जानोजींनी १७६३ मध्ये ऐनवेळी त्याची साथ सोडली आणि १० ऑगस्टला राक्षसभुवनच्या लढाईत निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर, म्हणजे आणखी एक पूर्ण शहाणे, मारले गेले.