कातिब, संगसाज आणि संगणक

उर्दू वर्तमानपत्राचा मजकूर बोरूने, नस्तालीक वळणात लिहून देणारा तो कातिब. १९८० च्या आसपासपर्यंत उर्दू दैनिक म्हणजे रोज हाताने लिहिलेलं पत्रच होतं. मराठी मित्रांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

याला कारण लिपी. देवनागरीचे खिळे एकोणिसाव्या शतकातच तयार झाले, जावजी दादाजींच्या निर्णयसागरने ते देखणेही केले. नस्तालीकमध्ये मात्र जागेनुसार अक्षराचं रूप बदलतं आणि शब्द सरळ न चालता तिरका खाली उतरतो. हा उतार शिशाच्या चौकोनी खिळ्यात कसा बसवणार? नस्ख वळणाचे खिळे होते. मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढलं ते टाइपातच. पण सामान्य वाचकाच्या डोळ्याला ते रुचलं नाही आणि उर्दू शिळाछापावरच राहिली.

शिळाछापात कातिबाच्या जोडीला संगसाज असे. कातिब लेप दिलेल्या कागदावर तेलकट शाईने लिही, ते दगडावर उलटं उमटे. दगडावरची चूक संगसाज दुरुस्त करी, तीही उलट्या अक्षरांत, आरशात दिसावी तशी. इतकी अवघड विद्या! ऑफसेट आलं, कातिबाच्या पानाचा थेट फोटो निघू लागला आणि संगसाज निकामी झाला. त्याच्यासाठी कोणी हळहळलं नाही. कातिबांचं काम तर चालूच होतं.

मग कातिबांची पाळी आली. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २० हजार जोडाक्षरसमूह स्वतः लिहून काढले, ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीने ते यंत्रात भरले. नाव ठेवलं नूरी नस्तालीक. १९८१ मध्ये लाहोरचं 'जंग' या अक्षरांत निघालं. यंत्राने कातिबाची जागा घेतली ती एका खत्तातानेच लिहिलेल्या अक्षरांच्या जोरावर, हे मला फार बोचतं. १९९४ च्या सुमारास दिल्लीहून 'इनपेज' आलं आणि साध्या संगणकावरही हे काम होऊ लागलं. चेन्नईचं १९२७ पासूनचं 'द मुसलमान' तेवढं पुढेही हाताने लिहिलं जात राहिलं. एका पानाला सुमारे तीन तास लागत.

आमच्या मोहल्ल्यात दोन कातिब होते. एकांनी पन्नाशीत मुलाच्या वयाच्या पोराकडून इनपेज शिकून घेतलं. त्यांची बोटं मंद होती, पण इमला पक्का. मजकुरातली चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मालकाने त्यांना ठेवलं. दुसरे चाचा लग्नपत्रिका आणि कबरीच्या पाट्या लिहू लागले. लोक म्हणत, "जिद्दी आहेत, बदलायला तयार नाहीत." मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मास्टर, मशीन सोमवारी आली, हिशेब शनिवारी झाला. शिकायचं कधी?" आळशी ठरवण्याआधी हा शनिवारही मोजायला हवा. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उर्दू परिषदेने नंतर संगणकाची केंद्रं काढली, खुशनवीसीचीही काढली. पण आमच्या चाचांपर्यंत यातलं काही पोचलं नाही.

इनपेज शिकलेल्यांना तरी पुढे चैन कुठे मिळाली? इनपेजच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. मीही बी.एड.नंतर हौसेने इनपेज शिकलो, शाळेच्या उर्दू प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं त्यातच केल्या. त्यातला उतारा आज मोबाइलवर चिकटवला तर किड्यामुंग्यांसारखी चिन्हं दिसतात. सारं पुन्हा टाइप करणं आलं. सध्या नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत मला युनिकोडचा कळफलक शिकवतो. परवा 'हमजा' सापडेना म्हणून मी चिडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, घाई नको. उद्या परत बघू."