‘ब्रेतों’ या नांवाची साक्ष

फ्रान्समधील सर्वांत लांब नदी ल्वार. सुमारें १,००० किलोमीटरांचा प्रवास करून ती नांत शहरापुढें अटलांटिक महासागरास मिळते. तिच्या मधल्या खोऱ्यांत शिनों, बूर्गोय व सोम्यूर या गांवांच्या आसपास एक हलकें तांबडें द्राक्षमद्य तयार होतें. मद्याची भलामण करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु ज्या द्राक्षापासून तें होतें, त्याच्या नांवांत इतिहासाचा एक मोठा बोधप्रद धडा सांठविलेला आहे.

या द्राक्षाचें शास्त्रीय ग्रंथांतील नांव ‘काबर्ने फ्रां’. तथापि ल्वारकाठचा शेतकरी त्यास ‘ब्रेतों’ म्हणतो. हें नांव कोठून आलें? लोकांत अशी कथा रूढ आहे कीं, सतराव्या शतकांत कार्डिनल रिशल्यू या प्रख्यात मंत्र्याचा ब्रेतों नांवाचा एक कारभारी होता. त्यानें बूर्गोयच्या मठांत हे वेल लावविले, आणि त्याचेंच नांव द्राक्षास पडलें. कथा सुटसुटीत आहे, कर्ता नामांकित धन्याचा सेवक आहे; मग ती लोकप्रिय व्हावी यांत नवल तें काय?

परंतु तिला एक साक्षीदार आडवा येतो. शिनोंच्या परिसरांतच जन्मलेला विनोदी ग्रंथकार राबले यानें १५३४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘गार्गांत्युआ’ या ग्रंथांत ‘ब्रेतों’ मद्याचा उल्लेख केला असून, तें ब्रिटनी प्रांतांत नव्हे, तर शिनोंजवळच्या वेरों भागांत पिकतें, असें सांगितलें आहे. राबले १५५३ सालीं निवर्तला; रिशल्यूचा जन्म १५८५ चा. धन्याच्या जन्मापूर्वीं अर्धें शतक जें नांव रूढ होतें, तें त्याच्या कारभाऱ्यावरून पडलें कसें असेल?

मग ‘ब्रेतों’ म्हणजे ब्रिटनीचा, हाच सरळ अर्थ उरतो. नांत हें त्या काळीं ब्रिटनीचें बंदर होतें. नैर्ऋत्य फ्रान्सकडील वेलींचीं कलमें समुद्रमार्गें तेथें उतरलीं आणि नावांतून नदीनें वर गेलीं, असें मानणें सयुक्तिक ठरतें. पश्चिमेचा वारा शिडांत भरून ल्वारवरील नावा प्रवाहाविरुद्ध चालत. ज्या बंदरांतून माल आला, त्या प्रांताचें नांव मालास चिकटलें. व्यवहारांत असें नेहमींच घडतें.

मद्याचा हलकेपणाही भूगोलाचीच देणगी होय. हा प्रदेश ४७ उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्यानें हवा थंड. म्हणून द्राक्षांत साखर बेताची व आंबटपणा अधिक. नदीकाठच्या वाळूगोट्यांच्या जमिनींत मद्य विशेष हलकें उतरतें, तर पांढऱ्या चुनखडीच्या उतारावर तें अधिक भरीव होतें. हाच मऊ दगड काढून राजवाडे उभे राहिले, आणि खाणींच्या रित्या पोकळ्या मद्याच्या तळघरांच्या उपयोगीं पडल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आलेल्या फायलोक्सेरा नामक सूक्ष्म किडीनें फ्रान्समधील वेलींचीं मुळें पोखरलीं. तेव्हां कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटांवर जुन्या जातींचीं कलमें बांधून मळे वांचविण्यांत आले. १९३७ सालीं शिनों व बूर्गोय या नांवांस कायद्याचें संरक्षण मिळालें. पुढें १९९७ मध्यें कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं आनुवंशिक परीक्षेनें दाखवून दिलें कीं, जगप्रसिद्ध ‘काबर्ने सोव्हिन्यों’ हें द्राक्ष या साध्या काबर्ने फ्रांचेंच अपत्य आहे.

श्रोतेहो, लोकांस प्रत्येक गोष्टीस एखादा थोर कर्ता हवा असतो. परंतु ल्वारकाठचे मळे कोणा मंत्र्यानें उभारले नाहींत. अनाम नावाडी, मठवासी व शेतकरी यांनीं ते पिढ्यान्‌पिढ्या वाढविले. त्यांचीं नांवें कागदावर उरलीं नाहींत. उरला तो एक शब्द. आणि कथेपेक्षां तोच अधिक खरें बोलतो.