कंठाशी आलेली मुळी : वनस्पतिरूप शत्रूच्या कल्पनेचा एक मराठी इतिहास

भूमिकाप्रधान संगणकीय खेळांमध्ये वनस्पतिरूप शत्रू हा आता एक रूढ संकेत झाला आहे. 1987 साली जपानमध्ये सुरू झालेल्या ‘फायनल फँटसी’ या खेळमालिकेत ‘ऑचू’ नावाचा वेलींचा हिंस्र गोळा येतो. 1988 च्या दुसऱ्या भागापासून ‘मॉलबोरो’ हा त्याहून प्रसिद्ध प्राणी येतो. प्राणी म्हणायचे ते केवळ सोयीसाठी, कारण त्याचे अंग हिरवे, हातांच्या जागी वेली आणि मधोमध दातांनी भरलेला जबडा असतो. चावणे हे त्याचे मुख्य शस्त्र नव्हे, तर दुर्गंधीयुक्त श्वास सोडणे हे आहे. त्या एका श्वासाने नायकाच्या मंडळींना विष भिनते, भ्रम होतो आणि त्यांची वाचा जाते. ज्याची वाचा गेली त्याला मंत्र म्हणता येत नाही. खेळाच्या नियमांत ‘मौन’ ही एक व्याधी आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने सहज सोडून देण्याजोगी नाही.

या जबड्याची वंशावळ पाश्चात्त्य आहे आणि ती फार जुनीही नाही. मध्ययुगीन युरोपातील मँड्रेकची मुळी उपटताना किंकाळी फोडते आणि ऐकणाऱ्याचा जीव घेते अशी समजूत होती. तेथे वनस्पतीला आवाज होता, जबडा नव्हता. जबडा आला तो एकोणिसाव्या शतकात. 1874 साली न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रात मादागास्करमधील नरभक्षक वृक्षाचा वृत्तांत छापून आला. तो सर्वस्वी बनावट होता, पण पुढची कित्येक दशके तो खरा मानला गेला. लगेच पुढच्या वर्षी, 1875 साली, डार्विनचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका हाताला थापेबाजी आणि दुसऱ्या हाताला कठोर निरीक्षण, अशा दुहेरी पायावर ही कल्पना उभी राहिली. वेल्सची रक्तपिपासू ऑर्किडची कथा 1894 ची, विंडमची ट्रिफिडांची कादंबरी 1951 ची. वसाहतीतील अरण्य आपल्याला गिळंकृत करील, ही साम्राज्यकर्त्या मनाची धास्ती या कथांतून स्पष्ट जाणवते. सत्यजित राय यांनी बंगालीत सेप्टोपस या मांसाहारी वनस्पतीची कथा लिहिली तेव्हा त्या धास्तीचा पत्ता बदलला, पण जबडा तोच राहिला. 1974 पासून पटावर खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने या साऱ्याची एक प्रकारे जंत्री केली आणि संगणकीय खेळांनी ती उचलली.

मराठीत या जबड्याला समांतर असे काय सापडते? प्रश्न अलिबागजवळच्या नागावसारख्या गावात उभे राहून विचारला, तर पहिले उत्तर नकारार्थी येते. नागाव हे अष्टागरातले गाव, आणि आगर म्हणजेच नारळी-पोफळीची लागवड. प्रदेशाचे नावच मुळी झाडांवरून पडलेले. येथे वनस्पती ही शत्रुपक्षात नाही. शत्रू आहेत ते माडाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा, खोडात शिरणारा सोंड्या भुंगा, पोफळीवर पडणारा कोळेरोग. (खेळांच्या चित्रकारांना शिंगे असलेला राक्षस हवा असेल, तर गेंड्या भुंग्याचे रूप आयतेच तयार आहे.) 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या उद्ध्वस्त केल्या, तेव्हा माणूस आणि झाड एकाच बाजूला होते. ज्या समाजाचे पोट झाडावर आहे, तो समाज झाडाला जबडा देत नाही.

तरीही वनस्पतीचे वैर कोकणच्या भाषेला अपरिचित नाही. आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ घ्यावे. त्याला दात नाहीत, ते कोणावर झेप घेत नाही. यजमान झाडात ते आपली चूषकमुळे घुसवते आणि त्याच्या रसावर हिरवेगार राहते. म्हणूनच ते नुसते ओरबाडून भागत नाही, खालची फांदी छाटावी लागते. हा शब्द मराठीत शिवीसारखा वापरला जातो, आणि समीक्षेच्या वादांतही तो मोकळेपणाने फेकला जातो. या शब्दात शत्रुत्वाची जी कल्पना आहे ती गिळण्याची नाही, गुंतण्याची आहे. पाश्चात्त्य वनस्पतिराक्षस बाहेरून येतो. बांडगूळ अंगावर असते, आणि कोठवर आपले अंग व कोठून परके अंग सुरू होते हे सांगणे अवघड असते. मराठीतील वनस्पतिरूप शत्रूची सर्वांत मोठी कथा नेमकी याच जातीची आहे, आणि ती एका ग्रंथाच्या इतिहासाशी जोडलेली आहे.

परंपरेनुसार ज्ञानेश्वरांनी शके 1218 मध्ये आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर जवळजवळ तीन शतकांनी पैठणच्या एकनाथांना स्वप्न पडले. ज्ञानेश्वर सांगत होते की अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, आळंदीस येऊन ती काढावी. एकनाथ आळंदीस गेले, समाधीच्या विवरात उतरले आणि त्यांनी ती मुळी दूर केली, अशी ही कथा आहे. वारकरी संप्रदायात ती श्रद्धेने सांगितली जाते आणि तिच्या ऐतिहासिकतेची छाननी करण्याचे येथे प्रयोजन नाही. कथेतील तपशिलाची निवड मात्र विचार करायला लावणारी आहे. मुळी हाताला लागली नाही, पायाला लागली नाही, छातीवर आली नाही; ती कंठाला लागली. वाणीच्या स्थानी लागली. मॉलबोरोचा श्वास आणि अजानवृक्षाची मुळी यांच्यात कोणताही ऐतिहासिक संबंध संभवत नाही, पण दोघांचाही आघात वाचेवर आहे. एका जागी खेळाडूचा मंत्र बंद पडतो, दुसऱ्या जागी ग्रंथकाराचा कंठ आवळला जातो.

कथेचा उत्तरार्ध दंतकथा राहत नाही, तो संहितेचा इतिहास होतो. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके 1212 (इ. स. 1290) मध्ये, एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली शके 1506 (इ. स. 1584) मध्ये, तारण संवत्सरात. ही नोंद ज्ञानेश्वरीच्या शेवटी जोडलेल्या ओव्यांतच आहे. मूळ ग्रंथ शुद्ध असता पाठांतरांमुळे अशुद्ध झाला होता, तो आपण शोधून शुद्ध केला, असे तेथे म्हटले आहे. दोन काळांत 294 वर्षे. या काळात ग्रंथ मुखोद्गत होत राहिला, पोथ्यांतून उतरवला जात राहिला, आणि प्रेमाने म्हणणाऱ्यांनीच त्यात बदल केले. मुळीची कथा व संहिताशुद्धीची घटना एकमेकींच्या शेजारी ठेवल्यावर पहिलीचा अर्थ वेगळा लागतो. वाढत्या पाठभेदांनी ग्रंथाचा आवाज कोंडला होता, हे सांगण्यासाठी परंपरेने निवडलेली ती प्रतिमा आहे. पाठभेद हा आक्रमकाने केलेला घाव नव्हे, भक्तीच्या ओलाव्यावर वाढलेली ती मुळी आहे. मुद्दाम कोणी शत्रुत्व केलेले नाही. म्हणूनच कथेत खलनायक नाही.

याच ओव्यांत एकनाथांनी पुढच्या काळासाठी एक ताकीद दिली आहे. ज्ञानेश्वरीत जो कोणी आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा तिचा आशय आहे. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. पुन्हा वनस्पतीच, आणि तीही खोबरे काढून घेतल्यावर उरलेली. नागावच्या माणसाला ही प्रतिमा समजावून सांगावी लागणार नाही. करवंटी टाकाऊ नसते, ती चुलीत जाते, तिची पळी होते, पण ती ताटात वाढीत नाहीत. दोष वस्तूत नाही, तिच्या जागेत आहे.

संहितेला शापाने वा ताकिदीने कुंपण घालण्याची ही रीत एकनाथांच्या पूर्वीची आहे, आणि तिचे जुने पुरावे याच किनाऱ्यावर आहेत. नागावला लागून असलेल्या आक्षीचा शिलालेख बहुमान्य वाचनानुसार शके 934 चा. कालवाचनाबद्दल मतभेद असले तरी आद्य मराठी लेखांत त्याचे स्थान पक्के आहे. खुद्द नागावचा शिलालेख शके 1289 चा, हंबीरराव या राजाच्या काळातला, आणि त्यात शकाच्या जोडीला हिजरी सनही दिलेला आहे. चौलच्या बंदराला खेटून असलेल्या या मुलखात दोन कालगणना एकाच दगडावर नांदत होत्या. उत्तर कोकणातील अशा लेखांवर पुष्कळदा गद्धेगाळ कोरलेली असते. दान हिरावणाऱ्याला, लेख मोडणाऱ्याला ती गलिच्छ शिवी आहे. एकनाथांची नरोटी ही त्याच हेतूची, पण गृहस्थाच्या पंगतीत बसवलेली, सोज्ज्वळ ताकीद म्हणावी लागेल.

ज्ञानेश्वरांना स्वतःला वनस्पतिरूप शत्रू ठाऊक होता, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थ, वर मूळ व खाली फांद्या असलेला संसारवृक्ष, हा असंगाच्या शस्त्राने छेदायचा आहे. ज्ञानेश्वर या वृक्षाचा विस्तार इतक्या रसाने करतात की वाचकाला तो अजिंक्य वाटू लागावा. आणि मग ते एकदम प्रश्न करतात : गंधर्वनगरीचा दुर्ग पाडावा लागतो काय? सशाचे शिंग मोडावे लागते काय? मुलाला भिवविणारा बागूल परदेशी हाकलावा लागतो काय? वृक्ष खराच असता तर त्याला कोण तोडू शकले असते. तो मिथ्या आहे, म्हणून ज्ञान होताच तो तुटलेलाच आहे. संगणकीय खेळातला वनस्पतिराक्षस हाही पडद्यावरचा बागूलच. पण तेथे तो मिथ्या असूनही तलवारीने, पुनःपुन्हा, गुण मिळवीत मारायचा असतो. खोटेपणा कळला तर खेळच संपेल. ज्ञानेश्वरांना खेळ संपवायचा आहे. अश्वत्थासाठी ज्ञानाचे खड्ग आणि अजानवृक्षासाठी एकनाथांचा हात, अशी दोन वेगळी साधने परंपरेने ठेवली आहेत. एकाला छेदायचे, दुसऱ्याची फक्त मुळी बाजूला सारायची. वनस्पतिशास्त्रात अजानवृक्षाची ओळख एहरेशिया लीविस अशी देतात. तो मध्यम उंचीचा, निरुपद्रवी वृक्ष आहे. कथेनंतरही तो तोडला गेला नाही. उलट तो पूज्य झाला.

मात्र एकनाथांनी काढली ती मुळीच होती काय, हा प्रश्न विसाव्या शतकाने विचारला. 1909 साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. त्यांच्या दृष्टीने प्रचलित पाठात भाषेची जुनी रूपे झिजलेली होती. राजवाड्यांचा हा दावा सर्वांनी स्वीकारला नाही, त्यांच्या पोथीच्या प्राचीनतेबद्दलही शंका घेतल्या गेल्या. परंतु एकदा तो मांडला गेल्यावर शुद्धी हीच एक नवी वाढ ठरण्याची शक्यता निर्माण झाली. जुने रूप अवघड म्हणून सोपे करणारा हात आणि भ्रष्ट पाठ काढून टाकणारा हात, पोथीच्या पानावर दोन्ही सारखेच दिसतात. कंठ कोठे संपतो आणि मुळी कोठे सुरू होते, हे ठरविण्याचे काम प्रत्येक संपादकाला नव्याने करावे लागले आहे. बांडगुळाच्या बाबतीत बागायतदार थोडी निरोगी फांदीही छाटतो, संपादकाला ती मुभा नाही. आळंदीला अजानवृक्षाच्या सावलीत पारायणे होतात, आणि वाचणाऱ्यांच्या हाती बहुधा एकनाथी शुद्धीच्या परंपरेतून आलेली सांप्रदायिक प्रतच असते.