दवाखान्याच्या दारातील हक्क

21 मार्च 2023 रोजी जयपूर येथे राजस्थान विधानसभेने आरोग्याच्या हक्काचे विधेयक संमत केले. असा कायदा करणारे हे भारतातील पहिलेच राज्य. वस्तुतः त्यामागील तत्त्व नवे नव्हते. 1992 साली बंगालमध्ये आगगाडीतून पडून डोक्यास जबर इजा झालेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालये, खाट नाही, सोय नाही, म्हणून एकामागून एक परत पाठवीत राहिली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचाच भंग ठरविला व त्यास 25,000 रुपये भरपाई देवविली.

उरला प्रश्न पैशाचा. तातडीच्या रुग्णावर अनामत न मागता उपचार करावेत आणि त्याला खर्च देणे न जमल्यास तो शासनाने भरून द्यावा, असे जयपूरच्या कायद्याने म्हटले. शासन भरणार केव्हा, ही खासगी डॉक्टरांची शंका मला अगदीच अनाठायी वाटत नाही. सरकारी देयकांची चाल आम्ही नोकरमंडळी जाणतो! त्यांनी संप पुकारला. 4 एप्रिलच्या तडजोडीत 50 हून कमी खाटांची खासगी रुग्णालये, तसेच सरकारी सवलती न घेतलेली रुग्णालये वगळण्याचे ठरले. मग आडगावच्या अपघातग्रस्ताला जवळचे दार कोणते राहिले? विधेयकास राज्यपालांची संमती मिळाली खरी. परंतु 2024 साल उजाडले तरी नियम निघाले नव्हते, आणि नियमांवाचून देयक कोणत्या मेजावर पाठवावयाचे, हेच ठरलेले नव्हते.