मराठी कादंबरीचा वाचक आणि त्याचा अभिप्राय : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन

मराठी कादंबरीचा इतिहास प्रामुख्याने लेखक आणि समीक्षक यांच्या आधारे लिहिला गेला आहे. ज्याने कादंबरी वाचनालयातून घरी आणली, ती इतरांना वाचून दाखविली आणि आवडली म्हणून शेजाऱ्याला सांगितली, त्या सामान्य वाचकाची दखल या इतिहासात अभावानेच आढळते. त्याचा अभिप्राय बहुधा तोंडी असे, हे त्याचे एक कारण होय. परंतु जे लेखी उरले तेही 'वैयक्तिक' म्हणून बाजूला ठेवले गेले, हे दुसरे आणि अधिक गंभीर कारण म्हणावे लागेल.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या काळात अद्भुतरम्य कादंबरीचा प्रवाह रूढ झाला. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल व नाटक या विषयावरील निबंधात अशा लेखनातील असंभाव्यतेवर टीका केली. या टीकेवरून विचारी टीकाकाराची भूमिका समजते. मात्र त्याच कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्यांना त्यांत काय गवसत होते, ते समजत नाही.

हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या नियतकालिकांतून क्रमशः येऊ लागल्यावर या स्थितीत फरक पडला. 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या साप्ताहिकात प्रसिद्ध होत गेली आणि १८९३ मध्ये पूर्ण झाली. यमूची कहाणी तिच्याच तोंडून, तीही तुकड्या-तुकड्यांनी येत असल्याने पुढे काय होणार, हा प्रश्न दोन अंकांमधील दिवसांत वाचकाच्या मनात घोळत राहणे स्वाभाविक होते. कथानक अपूर्ण असतानाच अभिप्राय देण्याची ही संधी पुस्तकरूपातील कादंबरी देऊ शकत नव्हती.

या संदर्भात काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांचे उदाहरण लक्षणीय आहे. नवव्या वर्षी विवाह झालेल्या काशीबाई सासरी आल्यानंतर वाचायला शिकल्या. आपटे हे कानिटकर कुटुंबाचे स्नेही. त्यांच्या आणि काशीबाईंच्या पत्रव्यवहारात परस्परांच्या लेखनाची चर्चा होत असे. स्त्रीच्या दुःखावर लिहिणाऱ्या पुरुष लेखकाला एका स्त्रीचे मत पत्राद्वारे कळणे ही त्या काळात किरकोळ घटना नव्हती. काशीबाई पुढे 'रंगराव' या कादंबरीच्या लेखिका झाल्या, म्हणून त्यांची पत्रे जपली गेली. त्या केवळ वाचक राहिल्या असत्या, तर ती जपली गेली असती काय, याविषयी शंकाच आहे. ज्या स्त्रियांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांनी यमूची कहाणी केवळ ऐकली असेल, त्यांचा अभिप्राय तर कागदावर येण्याचा मार्गच नव्हता. उपलब्ध पत्रांवरून 'एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचक' असा सरसकट शब्दप्रयोग करताना हे भान सुटता कामा नये.

विसाव्या शतकात वाचकांच्या आवडीला छापील जागा मिळाली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'ललित' मासिकाने 'चोखंदळ वाचकांची निवड' हा उपक्रम चालविला. अर्थात 'चोखंदळ' या विशेषणातच एक चाळणी लावलेली आहे, हे विसरता येत नाही.

या चाळणीबाहेरच्या वाचकाचा शोध घ्यायचा तर ग्रंथालयांकडे वळावे लागते. देवघेवीच्या नोंदवहीवरून पुस्तक कितीदा बाहेर गेले ते कळते; ते वाचून काय वाटले ते कळत नाही. ते आढळते जुन्या कादंबऱ्यांच्या समासांत. 'अगदी खरे', 'शेवट वाईट केला', कोठे नुसतेच उद्गारचिन्ह, असे पेन्सिलीचे शेरे ग्रंथपाल विद्रूपीकरण मानतो आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु पुनर्बांधणीत समास कापले जातात, निर्लेखनात जीर्ण प्रती रद्दीत जातात आणि सर्वाधिक वाचली गेलेली प्रतच बहुधा सर्वाधिक जीर्ण असते.