कान्हेरीचं टाकं आणि आमचं पार्किंग

गेल्या आठवड्यात आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. नाला भरला, असं वॉचमन म्हणाला. आम्हीही त्याला नालाच म्हणतो. खरं तर ती दहिसर नदी. उगम तुळशी तलावापाशी, नॅशनल पार्कात.

म्हटलं, वरती जाऊन बघूया तरी. रविवारी कान्हेरी गाठलं.

इथला खडक लाव्हाचा, सहा कोटी वर्षांहून जुना. काळा डोंगर म्हणून शिलालेखांत नाव 'कण्हसेल', त्याचं झालं कान्हेरी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास भिक्षूंनी इथे कोरायला घेतलं आणि पुढच्या हजारेक वर्षांत शंभरावर लेणी झाली. पण मला आवडली ती पाण्याची व्यवस्था. पाऊस चार महिने, कोरडे आठ. म्हणून कातळावरच पन्हळी खोदून पाणी लेण्यांजवळच्या टाक्यांत उतरवलेलं. शिलालेखात टाक्याला 'पोढी' म्हणतात. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असलेला इथला प्रसिद्ध लेख कशाचा आहे? सतेरक नावाच्या अमात्याने दान दिलेल्या एका टाक्याचा!

पुढे तहानलेल्या मुंबईसाठी इंग्रजांनीही हेच डोंगर हेरले. विहार तलाव 1860 मध्ये पुरा झाला, तुळशी 1879 मध्ये. तलावांत स्वच्छ पाणी यायचं तर भोवतीचं रान राखावं लागतं. आज बिबटे फिरतात ते जंगल टिकण्यात या तलावांचा वाटा मोठा आहे.

आणि आपण? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की मिठी ही नदी आहे. तीसुद्धा याच डोंगरातली, विहार आणि पवईच्या सांडव्यांतून येणारी.

डोंगर आपलं काम चोख करतोय हो. पाणी उतारानेच येणार. भिक्षूंनी त्याला जागा करून दिली, आपण त्याच्या जागेवर गाड्या लावल्या.

आता खरी गोष्ट सांगतो. सोसायटीची मागची मातीची जागा सिमेंट करून आणखी पार्किंग करायचं, या ठरावावर माझीही सही आहे. चिखल होतो म्हणून केली होती. येत्या मीटिंगमध्ये ती मागे घेतोय आणि तिथे पावसाचं पाणी मुरवायला खड्डा सुचवतोय. शिव्या पडतील बहुतेक. बघू. तुमच्याकडे कोणी असं केलं असेल तर नक्की कळवा.