लोखंडी नांगर आणि निवडुंगाचा माळ

मैत्रिणींनो, गटाच्या कर्जातून आपण मिरची कांडप यंत्र घेतो. महिनाभर गिऱ्हाईक फिरकलं नाही, की घरचे काय बोलतात ते आपल्याला ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं गेली! लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी म्हणत. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेला हा माणूस. पुढे तिथली जागाही सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळ दिला, नुसता निवडुंग आणि नाग. १९१० साली २५ कामगार बायकापोरांसह तिथं राहायला गेले. त्या बायकांचं धाडस आम्हाला नांगराहून मोठं वाटतं. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं.